पान उघडलं, म्हणजे रस्ता चालू आहे का?

उत्रोलीहून निघालेली गाडी महाडला पोचली, एवढ्यावरून वरंधा घाट चालू आहे असं म्हणता येईल का? नाही. दरडींमुळे घाट बंद असेल, तर ड्रायव्हर महाबळेश्वरवरून आंबेनळीने उतरला असेल. गाडी पोचली हे खरं, पण वरंध्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आयपीव्ही४ कडून आयपीव्ही६ कडे जाताना नेटवर्क किती तग धरतं, हे तपासतानाही हीच गल्लत होते. कारण आपलं ब्राउझर गुपचूप रस्ता बदलतं. ही युक्ती म्हणजे 'हॅपी आयबॉल्स'. तिची दुसरी आवृत्ती, आरएफसी ८३०५, डिसेंबर २०१७ मध्ये आली. लेखक डेव्हिड स्किनाझी आणि टॉमी पॉली. पद्धत साधी आहे: आधी आयपीव्ही६ ने जोडणी सुरू करायची, साधारण २५० मिलिसेकंदांत जमली नाही तर सोबत आयपीव्ही४ ही सुरू करायची, आणि जी आधी जुळेल ती वापरायची.

वापरणाऱ्यासाठी हे उत्तमच. पूर्वी आयपीव्ही६ बिघडलं की कित्येक सेकंद ताटकळावं लागायचं. पण संशोधकासाठी? या युक्तीमुळे नेटवर्कमधले दोष झाकले जातात, हे लेखकांनी स्वतःच नोंदवलं आहे. हा प्रामाणिकपणा कौतुकाचा. उपाय मात्र एका वाक्यात उरकलाय: नेटवर्क चालवणाऱ्यांनी बाहेरून वेगळी देखरेख ठेवावी. ती कशी, यावर काही नाही.

आणखी दोन मर्यादा बघा. पहिली, निवड फक्त सुरुवातीच्या हस्तांदोलनात होते. ती पॅकेट्स छोटी असतात. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करत नाही, 'पॅकेट फार मोठं आहे' असा निरोप परत पाठवतो. तो निरोप फायरवॉलने अडवला, तर जोडणी जुळते आणि पान मात्र अर्ध्यात अडकतं. लेखकांनी ही अडचणही सांगितली आहे, पण ती या युक्तीने सुटत नाही.

दुसरी जास्त गंभीर. काही मोबाइल नेटवर्क ४६४एक्सलॅट वापरतात. तिथे फोनमधली आयपीव्ही४ पॅकेट्स आयपीव्ही६ मध्ये रूपांतरित होऊनच पुढे जातात. म्हणजे पाट्या दोन, घाट एकच! तिथे आयपीव्ही४ ला 'पर्यायी मार्ग' म्हणणं फसवं आहे.

म्हणून प्रयोग आखताना तीन फेऱ्या वेगवेगळ्या घ्या: फक्त आयपीव्ही६, फक्त आयपीव्ही४, आणि दोन्ही. १२८० बाइटांपेक्षा मोठी पॅकेट्सही पाठवून बघा. जोडणी जुळल्यानंतर मध्येच आयपीव्ही६ तोडा. प्रत्येक वेळी कुठला प्रोटोकॉल वापरला गेला आणि किती वेळ लागला, ते नोंदवा.

नुसतं 'सगळी पानं उघडली' हा निष्कर्ष प्रबंधात टिकणार नाही. आयपीव्ही४ चा आधार ज्या दिवशी काढला जाईल, त्या दिवशी तो नेटवर्कमध्येही टिकणार नाही.