शांततेचा मान कोणाच्या मृतांना?

रणभूमीच्या जुन्या छायाचित्रांची चर्चा निघाली की रॉजर फेंटनच्या १८५५च्या एका चित्राचे नाव हमखास येते. क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलजवळ टिपलेल्या या चित्रात ओसाड दरी, वळत गेलेला रस्ता आणि विखुरलेले तोफगोळे, एवढेच आहे. माणूस नाही, घोडा नाही, धूर नाही. ब्रिटिश सैनिक या भागाला बायबलमधल्या स्तोत्रावरून ‘मृत्युछायेची दरी’ म्हणत. तेच नाव चित्राला मिळाले. नाव झाकून पाहिले तर उरते ते एक संयत निसर्गचित्र.

फेंटनने त्याच जागेवरून दोन चित्रे घेतली. एकात गोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. गोळे मुद्दाम पसरले गेले, असे सुझन सोंटाग यांनी २००३ मध्ये लिहिले. चित्रपटकार एरल मॉरिस यांनी थेट क्रिमिया गाठून तपास केला. उतारावरचे लहान दगड दोन्ही चित्रांत ताडून पाहिल्यावर मोकळ्या रस्त्याचे चित्र आधीचे ठरले. क्रम कळला, हेतू सांगणे मात्र दगडांच्या हाती नव्हते.

समीक्षा बहुधा याच वादापाशी थांबते. मला अधिक महत्त्वाची वाटतात ती चौकटीबाहेर राहिलेली प्रेते. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे; धावते सैन्य टिपणे अशक्यच होते. त्यामुळे या चित्रांतली स्तब्धता काही अंशी तंत्राने लादलेली आहे. पण प्रेतही स्तब्धच असते. फेंटनच्या पत्रांत अर्धवट पुरलेल्या सांगाड्यांचे वर्णन आहे; चित्रांत ते सांगाडे नाहीत. त्याला मँचेस्टरच्या एका प्रकाशकाने पाठवले होते आणि चित्रे ब्रिटनमध्ये विकायची होती. ती विकत घेणाऱ्याच्या घरातला कोणी त्या मातीत असू शकत होता.

तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, क्रिमियातही काम केलेला फेलिस बेआतो लखनौला पोहोचला. तिथल्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये उठाव करणारे सुमारे २,००० शिपाई मारले गेले होते. बेआतोच्या चित्रात भग्न इमारत आहे आणि तिच्यासमोर पसरलेल्या कवट्या, हाडे. प्रेते आधी झाकलेली होती, छायाचित्रकाराने हट्टाने ती उघडी करवली, अशी नोंद तेव्हाचे ब्रिटिश अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांच्या आठवणींत आहे.

तंत्र तेच, साम्राज्यही तेच. तरीही स्वकीयांच्या मृत्यूला दरीची शांतता मिळाली आणि परक्यांच्या मृत्यूला उघडी हाडे. रणभूमीचे शांत सौंदर्य हा मृतांना दिलेला मान असतो, आणि तो देताना आपपरभाव झालेला आहे. छायाचित्र खरे की रचलेले, हे ठरवल्यानंतरही हा हिशेब बाकी राहतो.

हा निकष आपल्यालाही लावून पाहावा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. छायाचित्रणकला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. आज तिथे कॅमेऱ्यात येतो तो काला आंबचा स्मृतिस्तंभ आणि भोवतीची हिरवळ. त्या चित्रात मराठी माणूस आपली पडलेली माणसे पाहतो. अब्दालीचेही सैनिक त्याच भूमीवर पडले. त्या हिरवळीची शांतता त्यांच्याही वाट्याला येऊ द्यायची का, हे कॅमेरा ठरवत नाही, पाहणारा ठरवतो.