माहितीचा दर्जा मोजायचा कशाने?

खांदा दुखावला की रुग्ण आज डॉक्टरांकडे जाण्याआधी, आणि जाऊन आल्यावरही, इंटरनेटवर माहिती शोधतो. या माहितीचा दर्जा तपासून तिला गुण देणारे अभ्यास नियमाने प्रसिद्ध होतात. पण हे गुण नेमके कशाला दिले जातात, ते पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये, असे आम्हांस वाटते.

तीन मोजपट्ट्या विशेष प्रचारात आहेत. १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने चार निकष सुचवले: लेखक कोण, आधार कोणते, हितसंबंध उघड केले आहेत काय आणि मजकूर कधीचा आहे. १९९९ सालची ‘डिसर्न’ ही ब्रिटिश प्रश्नावली १६ प्रश्न विचारते व प्रत्येकास १ ते ५ गुण देते. तिसरे फ्लेश-किंकेड सूत्र. १९७५ साली अमेरिकी नौदलासाठी बनवलेले हे सूत्र वाक्यांची व शब्दांची लांबी मोजून मजकूर कोणत्या इयत्तेच्या वाचकाला झेपेल ते सांगते.

हे सूत्र मराठीला लावले तर काय होईल? ‘खांद्याखालच्यासुद्धा’ हा लांबलचक शब्द लहान मूलही समजते. ‘कंडरा’ हा तीन अक्षरी शब्द मात्र अनेक पदवीधरांना अडतो. लांबी म्हणजे काठिण्य नव्हे.

उरलेल्या दोन पट्ट्यांची उणीव अधिक गंभीर आहे. त्या मजकुराची मांडणी तपासतात, सत्यता नव्हे. एक उदाहरण पाहू. खांद्याच्या वरच्या हाडाखाली कंडरा घासली जाते व म्हणून दुखते, तेव्हा ते हाड तासावे, हे स्पष्टीकरण सोपे आणि पटण्याजोगे आहे. ब्रिटनमधील एका चाचणीत कंडरा पूर्ण न फाटलेल्या ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचे हाड दुर्बिणीतून तासले. दुसऱ्याच्या सांध्यात दुर्बीण घातली, पण काहीच कापले नाही. तिसऱ्यावर उपचारच केले नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत फरक आढळला नाही. तिसऱ्या गटापेक्षा ते थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवेल इतका नव्हता. आता जुनेच स्पष्टीकरण कोणी आज नाव, तारीख व संदर्भ देऊन लिहिले, तर चारही निकषांत ते उत्तीर्ण होईल! रुग्ण मात्र अनावश्यक शस्त्रक्रियेला तयार होईल.

तपासणीच्या अहवालाचेही तसेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या, ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली. ९६ टक्के जणांत काही ना काही बिघाड दिसला. हे न सांगता केवळ बिघाडांची यादी देणारे पान रुग्णाला घाबरवते. भीतीने तो हात हलवणे टाळतो आणि खांदा आखडतो.

तरीही ‘डिसर्न’मधले दोन प्रश्न आम्हांस मोलाचे वाटतात. उपचार न केल्यास काय होईल, हे सांगितले आहे काय? कोठे अनिश्चितता आहे, ते मान्य केले आहे काय? एकूण गुणांच्या बेरजेत हे प्रश्न बुडून जातात. वास्तविक पहिले स्थान त्यांना हवे. याचा अर्थ दुखणे अंगावर काढावे असा नव्हे. पडल्यानंतर हात उचलता येत नसेल किंवा खांदा निखळला असेल, तर डॉक्टरांकडे ताबडतोब गेलेच पाहिजे.

शिक्षकांनी वर्गात आरोग्यविषयक एखादे पान वाचून घ्यावे आणि हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. उत्तर पानावर सापडले नाही, तर ते कोणाला विचारायचे, हा त्यापुढचा प्रश्न विद्यार्थीच काढतील.