निर्दोष नायकाची उणीव

डिस्नेच्या १९९७ मधील ‘हर्क्युलिस’ या कार्टूनपटात सापत्नभावाने छळणारी हेरा वत्सल जननी झाली असून, उन्मादात घडलेली पुत्रहत्या वगळली आहे. अपोलोडोरसच्या कथनात नायकाचे पराक्रम त्या पातकाच्या प्रायश्चित्तातूनच उद्भवतात. चित्रपट कीर्तीहून आत्मत्याग श्रेष्ठ ठरवितो, हे त्याचे श्रेय. परंतु पश्चात्तापास तेथे स्थान उरत नाही. याउलट नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्ये निर्मिलेल्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनीने साकारलेल्या कृष्णाच्या खोड्या व त्याचे दैवी सामर्थ्य एकत्र नांदतात. दोहोंतील अपराध तुल्य नव्हेत. तथापि निष्कलंक नायकाची अट बालप्रेक्षकाची नसून निर्मात्याची असते, असे त्यावरून सूचित होते.