अखेरच्या क्षणाची बोली : रॉथ-ओकेनफेल्स यांच्या मांडणीची चिकित्सा

ऑनलाइन लिलावांच्या अभ्यासात अल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांच्या 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधील २००२ च्या शोधनिबंधाला मूलभूत स्थान प्राप्त झाले आहे. ईबेवरील लिलाव पूर्वघोषित क्षणी बंद होत. ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांत मात्र अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढे. या एका फरकाचा परिणाम लेखकद्वयाने आकडेवारीने दाखविला. ईबेवर संगणकांच्या ४० टक्के आणि पुराणवस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली. ॲमेझॉनवर हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. नियम बदलला की वर्तन बदलते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारी उदाहरणे अर्थशास्त्रात विरळाच.

कारणमीमांसेबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये विवेचन केलेल्या द्वितीय-किंमत लिलावात विजेता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम देतो. म्हणून आपल्या लेखी वस्तूचे जे मोल असेल ते एकदाच नोंदवून स्वस्थ बसणे शहाणपणाचे ठरते. ईबेची प्रतिनिधी-बोलीची पद्धत याच तत्त्वाच्या जवळ जाणारी आहे. मग अनुभवी बोलीदार थांबतात कशासाठी? लेखकांचे एक उत्तर असे, की अखेरच्या क्षणाची बोली पोहोचेलच याची खात्री नसते. सर्वांनीच उशीर केल्यास काही बोली गळतात आणि किंमत खाली राहते. युक्तिवाद देखणा आहे. परंतु एरिएली, ओकेनफेल्स व रॉथ यांच्याच २००५ मधील प्रयोगात प्रत्येक बोली हमखास पोहोचत असतानाही उशिराच्या बोली टिकून राहिल्या.

दुसरे उत्तर अधिक पटणारे आहे. काही बोलीदार बाजार समितीतील तोंडी लिलावाप्रमाणे थोडी थोडी बोली चढवितात. त्यांना प्रत्युत्तराची सवड मिळू नये म्हणून इतर थांबतात. यावरून बोली चढविणारा भोळा ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निवाडा घाईचा आहे. जुन्या समईचे मोल ज्याला ठाऊक नाही, तो इतरांच्या बोलीवरून ते शिकत असतो. जाणकार नेमके तेच ज्ञान अखेरपर्यंत झाकून ठेवतो. पुराणवस्तूंतील वाढीव प्रमाणाची संगती लेखकही अशीच लावतात, परंतु अनेक कारणांपैकी एक म्हणून. वास्तविक ती मांडणीच्या केंद्रस्थानी हवी होती.

अखेरच्या मिनिटातील किंमतीच्या उसळीचाही अर्थ यातूनच लागतो. ५०० रुपयांवर थांबलेल्या वस्तूसाठी एकाने गुप्तपणे २००० ची मर्यादा दिलेली असते. दुसरा शेवटी १८०० ची बोली लावतो आणि किंमत क्षणार्धात १८०० च्या किंचित वर जाते. मोल वाढलेले नसते, ते केवळ उघड होते. तेही पूर्णपणे नाही, कारण २००० चा आकडा अखेरपर्यंत कोणालाच दिसत नाही.

हे इंटरनेटचेच अपत्य आहे असेही नव्हे. मेणबत्ती विझेपर्यंत चालणाऱ्या लिलावात धुराची दिशा पाहून नेमक्या क्षणी बोलणाऱ्या एका चतुर बोलीदाराची नोंद सॅम्युअल पेपिस यांच्या १६६२ च्या दैनंदिनीत आहे.

आपल्याकडे बँकांच्या तारण मालमत्तांच्या ई-लिलावाच्या जाहिरातींत पाच मिनिटांच्या मुदतवाढीची तरतूद सर्रास आढळते. तिने प्रत्युत्तराला सवड मिळते. परंतु मालमत्तेचे खरे मोल ज्याला अजमावताच येत नाही, त्याला ती सवड कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न लेखकद्वयाच्या चौकटीत पुरेसा हाताळला गेलेला नाही.