अरण्य, नाव आणि आवाज : ट्रेल व मूडी यांच्या स्थलांतरलेखनाचा विचार

१८३२ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यातील स्ट्रिकलंड घराण्यातील दोन भगिनी आपापल्या पतींसह कॅनडात वास्तव्यास गेल्या. वडील कॅथरीन पार ट्रेल, धाकटी सुझॅना मूडी. दोघींचे पती ऑर्कने बेटांतले, एकाच पलटणीतले व अर्ध्या वेतनावरचे अधिकारी होते. आजच्या ऑन्टारिओ प्रांतातील पीटरबरोजवळचा डूरो हा भाग तेव्हा घनदाट अरण्याचा होता. तेथे त्यांचा भाऊ सॅम्युएल आधीपासून राहत होता. ट्रेल कुटुंब सुरुवातीसच तेथे गेले. मूडी कुटुंब प्रथम कोबर्गजवळच्या शेतावर राहून १८३४ मध्ये तेथे आले. ट्रेलबाईंचे ‘द बॅकवुड्स ऑफ कॅनडा’ १८३६ मध्ये व मूडीबाईंचे ‘रफिंग इट इन द बुश’ १८५२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. अरण्य तेच, हिवाळा तोच, कूळ व शिक्षण तेच. असे असता दोन ग्रंथांत दोन भिन्न देश वाचकास दिसतात. या भेदाचे मूळ कोठे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या प्रश्नाचे रूढ उत्तर स्वभावभेदाचे आहे. ट्रेलबाई आशावादी व सोशिक, तर मूडीबाई मानी व कुरकुरी, असे वर्णन वारंवार केले जाते. हे उत्तर सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ट्रेलबाईंच्या वाट्याला सुख अधिक आले, असे त्यांचे चरित्र सांगत नाही. १८३९ मध्ये त्यांनाही डूरोची जमीन सोडावी लागली. १८५७ मध्ये राइस लेकजवळचे त्यांचे घर जळाले व १८५९ मध्ये पती निवर्तले. मूडीबाई उलट १८४० पासून बेलव्हिल गावात, शेरीफची पत्नी म्हणून, तुलनेने स्थिर जीवन जगत होत्या. अनुभवाच्या कडवटपणावरूनच लेखनाची चव ठरत असती, तर दोघींचे ग्रंथ परस्परांच्या नावावर असावयास हवे होते. काळाचे अंतरही ध्यानात घेतले पाहिजे. ट्रेलबाईंची पत्रे अरण्यात राहत असताना सिद्ध झाली व उपयुक्त ज्ञानाच्या मालेत छापली गेली. मूडीबाईंची प्रकरणे अरण्य सोडल्यावर, मागे वळून पाहत लिहिली गेली. परंतु हे अंतर स्वराचा फरक समजावते, दृष्टीचा नव्हे. दृष्टीचा फरक भाषेत आहे.

ट्रेलबाई नव्या भूमीस प्रथम नावांनी जिंकू पाहतात. त्या वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. पुढे १८६८ मध्ये कॅनडातील रानफुलांवरील व १८८५ मध्ये तेथील वनस्पतिजीवनावरील त्यांचे ग्रंथ निघाले. ‘बॅकवुड्स’मध्येच त्या सांगतात की, येथल्या पुष्कळशा फुलांना नाव नाही असे आढळल्यावर आपणच त्यांचे बारसे करण्यास आपण मोकळ्या आहोत. हे विधान दिसते तितके निरुपद्रवी नाही. स्थलांतरिताच्या नामकरणाची एक परिचित रीत म्हणजे जुने नाव नव्या वस्तूस चिकटवणे. उत्तर अमेरिकेतील ‘रॉबिन’ हा इंग्लंडातील रॉबिन नसून कस्तूर कुळातील निराळा पक्षी आहे. छातीच्या तांबूस रंगावरून घरची आठवण त्याच्यावर लादली गेली. आपल्याकडे याच्या उलट घडले. अमेरिका खंडातून आलेल्या फळास मराठीने सीताफळ म्हटले. तेथे फळ परके व बोलणारे स्थानिक होते. कॅनडात फूल स्थानिक व बोलणारी परकी होती. परक्याने ठेवलेले नाव ही ओळख असते, तशीच ती मालकीची नोंदही असते. ज्या प्रदेशात ही फुले अनाम भासली, तेथे अनिशिनाबे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते व १८१८ च्या कराराने तो प्रदेश ब्रिटिश सत्तेकडे गेल्यास पंधरा वर्षेही लोटली नव्हती. ओटोनाबी नदी व कॅचेवानूका सरोवर यांची नावे त्याच लोकांच्या भाषेतून आलेली आहेत. जलाशयांना नावे असणाऱ्या भाषेत फुलांना नावे नसतील, हे संभवनीय नाही. ट्रेलबाई या लोकांविषयी आपुलकीने लिहितात; तथापि ‘अनाम’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी ‘इंग्रजीत अनाम’ एवढाच राहतो.

दोन्ही शीर्षकांतील शब्दही विचारात घेण्याजोगे आहेत. ‘बॅकवुड्स’ म्हणजे मागचे अरण्य. मागचे कोणाच्या? अर्थातच किनाऱ्याच्या, आधी वसलेल्या पट्ट्याच्या. तेथे राहणारी व्यक्ती आपल्या घरास दूरच्याच्या नजरेने नाव देते. ‘बुश’ हा शब्द या अर्थाने बहुधा डचमधून, वसाहतींच्या वाटेने इंग्रजीत आला; मूडीबाईंचे पती दक्षिण आफ्रिकेत दहा वर्षे राहिलेले होते, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. मूडीबाईंच्या १८५३ च्या दुसऱ्या ग्रंथाच्या शीर्षकात तर ‘क्लिअरिंग’ व ‘बुश’ हे दोन शब्द वादी-प्रतिवादींसारखे समोरासमोर उभे केले आहेत. मराठी वाचकास हा विरोध सहजी उमगत नाही. आपला ‘रान’ हा शब्द वनालाही लागतो आणि शेतालाही; शेतकरी रानात गेला म्हणजे तो बहुधा पिकात असतो. मोडलेले अरण्य व उभे अरण्य यांस एकाच शब्दाखाली नांदवणारी भाषा या स्त्रियांजवळ असती, तर त्यांचे भय कमी झाले असते असे नव्हे. पण ते निराळ्या रीतीने मांडले गेले असते.

‘बी’ या प्रथेच्या वर्णनात हा दृष्टिभेद सर्वांत स्पष्ट होतो. घर उभारणे, ओंडके रचून जाळणे अशा कामांसाठी शेजाऱ्यांस बोलवावयाचे, पोटभर जेवू घालावयाचे व पुढे त्यांच्या कामास जावयाचे, अशी ही रीत. आपल्या इर्जिकीशी तिचे निकटचे साम्य आहे. काही कोशकार या शब्दाचा संबंध मधमाशीशी न लावता मदत वा विनंती या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी लावतात. ट्रेलबाई मात्र मधमाशीच धरून चालतात: सोळा शेजारी आले, पोळ्याने इमानाने काम केले व रात्रीपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. माणसे येथे समूहरूपाने, एका सुखद उपमेत विरघळून जातात. मूडीबाईंच्या ओंडक्यांच्या ‘बी’त उपमा टिकत नाही, तेथे व्हिस्की, शिव्या, गाणी व भांडणे ऐकू येतात. त्यांना ही प्रथा किळसवाणी वाटते आणि त्या ते लपवीत नाहीत. परंतु किळस करताना त्या ऐकतात. आयरिश नोकर, अमेरिकेतून आलेले शेजारी, उसने मागण्याच्या नावाखाली परत न करावयाच्या वस्तू नेणाऱ्या बायका, या सर्वांचे उच्चार व वाक्यांचे वळण त्यांनी कागदावर उतरविले आहे. ज्यांना त्या आपल्याहून हीन समजतात, त्यांचीच भाषा त्यांच्या ग्रंथात सर्वांत जिवंत आहे. लेखिकेच्या वर्गाभिमानावर तिच्या कानाने केलेली ही मात होय.

मूडीबाईंचे अलंकृत लेखन आज शिळे वाटते. सूर्यास्त व सरोवर आले की त्या इंग्लंडातील भावुक गद्याच्या आश्रयास जातात. मात्र आगीच्या प्रकरणात हा आश्रय उरत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात, पती घरी नसताना छपराने पेट घेतला. मुलांना थंडीपासून वाचविण्यासाठी कपाटाचे खण रिकामे करून त्यांत त्यांना निजविले गेले. येथे गद्य वस्तूंच्या नावांवर येते: शिडी, बर्फ, पांघरूण, खण. ज्या नेमक्या नामांची ट्रेलबाईंस सवय होती, त्यांच्यापाशी मूडीबाई संकटात पोहोचतात.

नॉर्थ्रप फ्राय यांनी १९६५ मध्ये कॅनडाच्या साहित्यातील तटबंदीच्या मनोवृत्तीचे विवेचन केले, आणि मार्गारेट ॲटवुड यांनी १९७० च्या आपल्या काव्यसंग्रहात मूडीबाईंस दुभंगलेल्या स्थलांतरिताचे रूप दिले. या विचारांचे महत्त्व मान्य करूनही म्हणावे लागते की, निसर्गाचे भय ही या ग्रंथांची एकमेव किल्ली नाही. नव्या भूमीत राहावयाचे तर तेथील वस्तूंची नावे हवीत व तेथील माणसांची बोली कानावर यावयास हवी. ट्रेलबाईंनी पहिले साधले, मूडीबाईंनी दुसरे. ट्रेलबाईंचे अरण्य नावांनी समृद्ध आहे, पण काही अपवाद सोडल्यास त्यात माणसे हलक्या आवाजात बोलतात. मूडीबाईंच्या अरण्यात आवाजांचा कल्लोळ आहे, पण झाडे बहुधा नुसती झाडेच राहतात. साहित्य म्हणून मूडीबाईंचा ग्रंथ थोर ठरतो. कारण लेखिकेच्या मताविरुद्ध साक्ष देणाऱ्यांसही त्यात बोलू दिले आहे. ट्रेलबाईंनी आपल्या फुलांना तशी संधी दिली असती, तर त्यांनी आपली जुनी नावे सांगितली असती.