परिचित पक्ष्यांचे छायाचित्रण : एक विचार

फाल्गुन लागला की माळव्यात पळस फुलतो, काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलांचे द्रोण उघडतात आणि त्यांतील मधासाठी साळुंक्या, कावळे, बुलबुल, शिंजीर असा सारा परिचित पक्षिसमाज तेथे जमतो. याच सुमारास कॅमेरा घेतलेल्या हौशी मंडळींचीही वर्दळ वाढते. त्यांची छायाचित्रे आज विपुल आहेत आणि तांत्रिकदृष्ट्या बहुधा निर्दोषही असतात. तथापि मनात घर करून राहणारी त्यांत फार थोडी. असे का व्हावे?

दुर्मिळ पक्ष्याच्या छायाचित्राला नुसत्या दर्शनाचेही मोल असते. परिचित पक्ष्याच्या बाबतीत ही सवलत नाही. बुलबुल कसा दिसतो हे कुणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच छायाचित्रकाराला रूपापलीकडचे काही सांगावे लागते. तांबटाचेच पाहा. चोच मिटलेली ठेवून तो 'टुक् टुक्' करतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्याचा गळा फुगतो. मिटलेली चोच आणि फुगलेला गळा ज्या चित्रात एकत्र आले आहेत, ते चित्र मुके असूनही ऐकू येते. पिवळ्या गळ्याचा नुसता ठसठशीत तांबट मात्र ओळखीपुरताच उरतो.

शिंजिराची कसोटी निराळी आहे. विणीच्या दिवसांत नराला जो निळाजांभळा साज चढतो, तो निव्वळ रंगद्रव्याचा नव्हे; पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट कोनातून पडला तरच तो झळकतो, एरवी पक्षी काळाच भासतो. अनेक जण या काळेपणाला दोष मानून चित्र टाकून देतात. आमच्या मते, एका क्षणी काळा आणि दुसऱ्या क्षणी जांभळा दिसणे हेच शिंजिराचे सत्य आहे. दोन चित्रे शेजारी ठेवणारा छायाचित्रकार एकच झगझगीत चित्र दाखविणाऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक होय.

आज पार्श्वभूमी पुसट करून पक्षी एकटा उठावदार करण्याची रीत रूढ झाली आहे. तिने पक्षी जवळ येतो, पण त्याचे ठिकाण हरवते. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) अखेरपर्यंत कृष्णधवल छायाचित्रणाशी एकनिष्ठ राहिले. रंगाचे साहाय्य नाकारूनही वन्यजीवनाचे चित्रण समर्थपणे करता येते, हे त्यांच्या उदाहरणाने पटते.

परंतु खरा प्रश्न घरट्याचा आहे. वसंताच्या आरंभी बुलबुलाची वीण सुरू होते आणि घरटे हाताच्या अंतरावर सापडते. चित्र स्वच्छ यावे म्हणून आड येणारी डहाळी बाजूला बांधली जाते. हा अपराध आमच्याकडूनही एकदा घडला आहे. चित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते आणि जवळच कावळा बसला होता. पुढे ते चित्र आम्ही कुणाला दाखविले नाही. केवळ अनुकंपेमुळे नव्हे, तर ते खोटे होते म्हणूनही. पानांआड दडणे हाच ज्या घरट्याचा धर्म, ते उघडे करून दाखविणे म्हणजे त्याचा अर्थच पुसून टाकणे. येथे नीतीचा दोष आणि कलेचा दोष दोन उरत नाहीत.

इंग्लंडात केवळ छायाचित्रांनी सजलेले घरट्यांविषयीचे पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध करणारे रिचर्ड व चेरी कीर्टन हे बंधू पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाचे कातडे चढविलेल्या पोकळ सांगाड्यात लपून बसत. तो खटाटोप आज हास्यास्पद वाटेल. पण त्यातील तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते. लपावयाचे असेल तर छायाचित्रकाराने लपावे. पक्ष्याचा आडोसा काढून घेऊ नये. पानांतून अर्धेच दिसणारे घरटे हे अपुरे चित्र नव्हे; घरट्याचे पुरे चित्र तेच.