नमनातील संकासूर आणि हौशी विनोदकार : हेदवी परिसराच्या संदर्भात एक विचार

बीजशब्द : नमन-खेळे, संकासूर, गवळण, एकपात्री, स्टँड-अप कॉमेडी, चाकरमानी

प्रस्तावना : रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि भरतीच्या वेळी पाणी उंच उसळणारी बामणघळ यांमुळे सर्वश्रुत आहे. अशा गावाच्या संदर्भात स्टँड-अप कॉमेडीचा विचार करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. हातात माईक, समोर अनोळखी श्रोते आणि चार-पाच मिनिटांचा अवधी ही या प्रकाराची परिचित मांडणी महानगरात घडलेली आहे. तथापि माणसांसमोर एकट्याने उभे राहून त्यांना हसवायचे कसे आणि ते शिकायचे कोठे, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. त्याचे एक जुने उत्तर नमन-खेळ्यांत सापडते. स्थानिक विनोदाची नवी चळवळ उभी करू पाहणाऱ्यांनी या उत्तराची दखल घेतलेली क्वचितच दिसते.

शिमग्याच्या दिवसांत खेळे घरोघर फिरतात आणि रात्री अंगणात नमन रंगते. मृदंग-टाळांच्या साथीने देवदेवतांना वंदन होते, गण होतो आणि मग काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी व कमरेला घुंगरू अशा वेषात संकासूर येतो. वेद पळविणारा पुराणातील शंखासुर तो हाच. परंतु कोकणच्या अंगणात त्याचे दैत्यपण केवळ नावापुरते उरले आहे. तो मुलांना भेडसावतो, नाचतो आणि थोरामोठ्यांची फिरकी घेतो. त्यानंतरच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात. तेथे पेंद्या व मावशी यांच्या बोलाचालीत गावाची ताजी हकिकत सहज शिरते. संहितेचा सांगाडा ठरलेला असतो, भर मात्र दरवर्षी नवी घालावी लागते. नवशिक्यासाठी ही व्यवस्था अतिशय सोयीची आहे. त्याला एकदम एकट्याने उभे केले जात नाही. प्रथम झील धरायची, मग गवळणींच्या रांगेत उभे राहायचे आणि पुढे कधीतरी मावशीचे लुगडे नेसायचे. एखादा विनोद पडला तरी मृदंग त्याला सावरून घेतो. शहरातल्या ओपन माईकवर विनोद पडल्यानंतर जी शांतता पसरते, तिला असा कोणताही आधार नसतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. शहरी विनोदकाराचे भांडवल त्याचा ‘मी’ असतो. स्वतःचे घर, नोकरी, लग्न, फजिती यांतून तो अनोळखी श्रोत्यांशी ओळख जोडतो. गावात ही ओळख आधीच असते, किंबहुना नको इतकी असते. ज्याची टिंगल झाली तो गृहस्थ सकाळी एसटीच्या थांब्यावर भेटणारच. त्यामुळे येथला विनोद नाव न घेता, आडून, हातवाऱ्याने आणि मुख्यतः सोंगाच्या आश्रयाने चालतो. बोलतो तो संकासूर. त्याच्या वेषातला माणूस नामानिराळा राहतो. हे संरक्षण मोलाचे आहे, पण त्याची किंमतही द्यावी लागते. मुखवट्याआडून सरपंचाला टोमणा मारता येतो. स्वतःच्या आयुष्याविषयी मात्र काहीच सांगता येत नाही. स्टँड-अपने या परिसराला काही दिलेच, तर ते हे उघडे तोंड असेल.

येथील बोलण्याला विनोद नवा आहे असे कोणी म्हणणार नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (1962) मधील अंतू बर्वा हा रत्नागिरीचा तिरकस बोलणारा म्हातारा मराठी वाचकाला मुखोद्गत आहे. परंतु त्याचे बोल रंगमंचावर पोहोचले ते पुलंच्या मुखातून. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने (1980) मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाच्या बळावर मालवणीला मुंबईच्या रंगभूमीवर स्थान मिळवून दिले. त्यातला हास्यविषय मात्र गावातली हौशी नाटकमंडळीच आहे. या मंडळींचे अडाणीपण प्रेमाने दाखविलेले असले तरी ते दाखविलेले आहे, ही बाब नजरेआड करता येत नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या, त्यासाठी मराठवाड्याची बोली वापरली आणि एकट्या नटाला ग्रामीण बोलीत किती दूर जाता येते हे दाखवून दिले. उत्तर रत्नागिरीच्या बोलीला असा एकपात्री प्रयोग अद्याप लाभलेला नाही. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत कोकणी हेल ऐकू येतो खरा, पण तेथे तो पुष्कळदा हेलापुरताच राहतो.

या विषयाची एक बाजू मुंबईत आहे. गिरण्यांत राबणाऱ्या रत्नागिरीकर चाकरमान्यांनी नमन आणि शक्ती-तुरा परळ-लालबागेत नेले. 1922 साली उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह हे त्यांच्या प्रयोगांचे हक्काचे ठिकाण होते. 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले. त्याच गिरणगावात, लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर, 2010 मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले आणि इंग्रजी-हिंदी स्टँड-अपला स्वतंत्र घर मिळाले. मराठी स्टँड-अपला ठळक रूप आले ते पुढे ‘भाडिपा’सारख्या मंडळींच्या प्रयत्नांतून. म्हणजे एकाच भूमीवर हसविण्याच्या दोन परंपरा नांदून गेल्या आणि त्यांची गाठ पडली नाही. याचे कारण भाषेपेक्षा वर्गात अधिक आहे. खेळे हे मुख्यतः कुणबी व अन्य कष्टकरी समाजांचे. नव्या विनोदगृहाचे तिकीट त्यांच्यासाठी काढलेलेच नव्हते.

हेदवीसारख्या गावी नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्यापुढची खरी अडचण धाडसाची नसून आवर्तनाची आहे. विनोद पुन्हापुन्हा करूनच धारदार होतो. शहरातला होतकरू आठवड्यातून तीन-चार वेळा उभा राहू शकतो. गावात अंगण भरते ते शिमग्याला आणि गणपतीत, चाकरमानी आल्यावर. यास्तव स्वतंत्र मंच उभारण्याचा हट्ट धरण्यापेक्षा नमनाच्या मध्यंतरात किंवा देवस्थानाच्या उत्सवी नाटकाआधी दहा मिनिटे मागून घेणे अधिक व्यवहार्य ठरेल. एका गावचे दहा मिनिटांचे बोलणे शेजारच्या चार गावांत फिरले, तरच त्यातले काय गावापुरते आणि काय सर्वांचे हे कळू लागेल.

मात्र नमनाचा वारसा जसाच्या तसा उचलण्यात एक धोका आहे. मावशीचे सोंग पुरुष घेतो आणि तिच्यावरचे पुष्कळसे विनोद बाईच्या देहावर व वयावर बेतलेले असतात. अलीकडे काही मंडळांत गवळणींच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या आहेत. हसविण्याचे काम मात्र अजून बहुधा पुरुषांकडेच आहे. त्याच गावातल्या स्त्रिया गौरीच्या रात्री फुगड्या घालताना, उखाणे घेताना सासर, नवरा आणि नणंद यांची जी यथेच्छ खिल्ली उडवितात, ती ऐकायला पुरुष तेथे नसतात. प्रथमपुरुषी, मुखवट्याविना आणि स्वतःच्या आयुष्यावर बेतलेला विनोद या परिसरात कोठे असेल, तर तो माजघरात आहे. तो अंगणात आणायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार अर्थातच त्या स्त्रियांचा आहे.